सूसाफोनचे तोंड

बीड जिल्ह्यात लग्नांची गर्दी उन्हाळ्यात असते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली माणसे कारखान्यांचा हंगाम संपला की गावी परततात, आणि मग वराती निघतात. बँडमध्ये वादकाच्या अंगाभोवती वेटोळे घातलेला, डोक्यावरून पुढे तोंड केलेला प्रचंड भोंगा म्हणजे सूसाफोन. सगळ्यांची नजर भोंग्यावर खिळते. वादकाचा जीव मात्र दुसऱ्या टोकाला, मुठीत मावणाऱ्या पितळी पेल्यात, म्हणजे माउथपीसमध्ये अडकलेला असतो. तो हरवला तर नवा कोणता घ्यावा? जेवढा मोठा पेला तेवढा मोठा आवाज, असे समजून पैसे मोजले जातात. वाद्याचा इतिहास पाहिला तर हा हिशेब चुकीचा ठरतो.

1835 साली बर्लिनमध्ये विप्रेख्ट आणि मोरित्झ यांनी ट्यूबा या खर्जाच्या वाद्याचे पेटंट घेतले. चालत वाजवायला ते अवघड होते. म्हणून नळी खांद्यावरून गोल फिरवलेले हेलिकॉन आले. त्याचा आवाज नेमका समोर धावतो, ही अमेरिकी बँडप्रमुख जॉन फिलिप सूसा यांची तक्रार होती. त्यांना खर्ज सभागृहात वरून पसरायला हवा होता. 1890च्या दशकात जे. डब्ल्यू. पेपर आणि पुढे कॉन या कारखानदारांनी त्यांच्यासाठी आकाशाकडे तोंड असलेले वाद्य घडवले. थट्टेत त्याला 'पाऊस झेलणारा' म्हणत! 1908 साली कॉनने भोंगा पुढे वळवला. म्हणजे वरातीत दिसते ते सूसा यांना हवे होते त्याच्या उलट रूप आहे.

आपल्याकडे ही वाद्ये पलटणींबरोबर आली. निजामाच्या काळी मोमिनाबाद म्हटल्या जाणाऱ्या अंबाजोगाईतही हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. पुढे मेरठ हे लग्नाच्या बँडांना वाद्ये पुरवणारे मोठे केंद्र झाले.

आता पेल्याकडे वळू. बी-फ्लॅट सूसाफोनची नळी सुमारे 5.5 मीटर असते. तिचा नेहमीचा खालचा स्वर सेकंदाला सुमारे 58 कंपनांचा. एवढ्या सावकाश थरथरायला ओठांचा बराच भाग मोकळा लागतो. म्हणून ट्रंपेटच्या पेल्याचा आतला व्यास 16-17 मिलिमीटर, तर याचा 32च्या आसपास. ट्रोंबोनचा माउथपीस इथे कामाचा नाही. तो ओठ आवळून धरतो आणि त्याचा दांडा नळीत सैल बसतो. कागद गुंडाळून दांडा घट्ट करता येईल, पेला कसा रुंद करणार?

पेल्याच्या कडेवर तळहात आपटा. 'टप्' असा एक ठरावीक स्वर ऐकू येतो. तोंड अरुंद असलेली बाटली फुंकल्यावर घुमते तसाच हाही प्रकार आहे. पेला जितका खोल, तितका हा स्वर खाली. खोल पेला वरची उपकंपने दाबतो. आवाज गोल, मऊ होतो; शिवाय वरच्या पट्टीतले स्वर किंचित उतरतात. सभागृहात हा मऊपणा शोभतो. पण मोकळ्या रस्त्यावर, ताशांच्या गजरात, 58 कंपनांचा मूळ स्वर कानाला फारसा जाणवतच नाही. त्याच्या दुपटी-तिपटीच्या उपकंपनांवरूनच आपला मेंदू खर्ज ओळखतो. तीच दाबली, तर वादक घामाघूम होतो आणि खर्ज कुणालाच ऐकू येत नाही. शिवाय मोठ्या पेल्याला दम जास्त लागतो. दोन-तीन तास चालत वाजवणाऱ्याने मध्यम खोलीचा, जरा रुंद गोलसर कडेचा पेला घ्यावा असे आम्हाला वाटते. दांडा नळीत न हलता बसतो ना, हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही पेल्याने साधत नाही. हिवाळ्यातल्या 15 अंशांच्या रात्री ध्वनीचा वेग सेकंदाला 340 मीटर असतो, तर 40 अंशांच्या दुपारी 355. नळीतली हवाही तितकीच तापली, तर स्वर सव्वाचार टक्क्यांहून जास्त, म्हणजे अर्धस्वराच्या जवळजवळ पाऊणपट चढतो. बाकीची पितळी वाद्येही चढतात, म्हणून ते खपून जाते. पण गाडीवर ठेवलेला कीबोर्ड जागचा हलत नाही. त्याच्याशी जुळायचे तर नळी सुमारे 24 सेंटिमीटर लांबवायला हवी. सरकती नळी दुपदरी असल्याने ती 12 सेंटिमीटर ओढावी लागेल.