फाळक्यांचा वाटाणा आणि साधा भागाकार

दादासाहेब फाळक्यांची ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले. आता चित्रपटासाठी भांडवल हवं होतं, पण नुसत्या शब्दावर पैसे कोण देणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि कोंब फुटल्यापासून वेल होईपर्यंतची वाढ थोडी थोडी टिपली. ‘अंकुराची वाढ’ पाहून कर्ज देणारे भेटले आणि ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

आता गंमत बघा. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं: रोज एक फ्रेम, महिनाभर चित्रण, फिल्म मिनिटभराची. मीही टिपणात हे तसंच उतरवून घेतलं होतं. एकदा सहज हिशोब केला. मूकपटाचा वेग सेकंदाला साधारण १६ फ्रेम धरला, तर मिनिटाला ९६० लागतात. रोज एक फ्रेम घेतली, तर ३० दिवसांत दोन सेकंदही भरत नाहीत! मिनिट भरायला रोज ३२ हव्यात. म्हणजे हे तिन्ही तपशील एकाच वेळी खरे असू शकत नाहीत.

यानं फाळक्यांची करामत कमी होत नाही. रोज ३२ फ्रेम म्हणजे चिकाटी उलट जास्तच. पण तुमच्या प्रबंधात हे वाक्य आलं, तर व्हायवात कोणीतरी हाच भागाकार करेल. दहा लेखांत सापडलं म्हणून दहा पुरावे होत नाहीत. बहुतेकदा त्या एकाच वाक्याच्या नकला असतात. आकडा दिसला की आधी हिशोब करा, तळटीप नंतर.