परभाषेचा स्वाध्याय : मंडाले, चापिंगो आणि आपण

आपल्या विभागातील कोणी ना कोणी विद्यार्थी दरवर्षी स्वतःच्या बळावर स्पॅनिश शिकावयास आरंभ करतो आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तो आरंभ संपलेला असतो. जूनमध्ये घेतलेली वही दहा-बारा धड्यांनंतर कोरी राहते. कारण विचारावे तर "नियम राहिला नाही" असे उत्तर मिळते, आणि दोष आपल्या मनोनिग्रहाचा आहे अशी कबुली त्या उत्तरात गृहीत धरलेली असते. हे निदान मला बरोबर वाटत नाही. एकट्याने केलेला भाषाभ्यास कशाने टिकतो आणि कशाने मोडतो, ह्याचा विचार नीतिशास्त्रापेक्षा इतिहासाच्या अंगाने केल्यास अधिक हाती लागते, असे सुचविण्यासाठी प्रस्तुत टिपण लिहीत आहे.

प्रथम लेखकाची पात्रता सांगावयास हवी. मी भुशी येथे राहतो व अध्यापनासाठी पुण्यास जातो. लोणावळ्याहून सुटणारी सकाळची लोकल हाच माझा स्पॅनिशचा वर्ग होय. मळवलीपर्यंत कालच्या धड्याची उजळणी, तळेगावपर्यंत नवा पाठ, आणि पुढे गर्दी वाढली की वही मिटून मनातल्या मनात वाक्यरचना, असा क्रम आहे. हा क्रम दोन वेळा पूर्णपणे तुटला. भाषाविज्ञानातील पदवी ह्या कामी फारशी उपयोगी पडत नाही. वर्णव्यवस्थेचा तक्ता काढता येणे निराळे आणि पाचशे शब्द ध्यानात ठेवणे निराळे. तिसऱ्या वेळी क्रम टिकला तो का, हे मला माझ्याकडे पाहून उमगले नाही. पूर्वसूरींकडे पाहून उमगले.

अशा प्रसंगी मराठी वाचकास मंडाले आठवते. २२ जुलै १९०८ रोजी न्यायमूर्ती दावर ह्यांनी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सांगितली. दुसऱ्याच दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण व्हावयाची होती. काही दिवस साबरमतीस ठेवून त्यांना ब्रह्मदेशात नेण्यात आले आणि जून १९१४ मध्ये ते पुण्यास परतले. ह्या मुदतीत गीतारहस्याचा खर्डा तयार झाला हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच मुदतीत टिळकांनी जर्मन, फ्रेंच व पाली ह्या भाषांचा अभ्यास शिक्षकावाचून, केवळ पुस्तकांवरून केला, हे मात्र आपण गुणवर्णनाच्या एका वाक्यात उरकून टाकतो.

साधने किती तोकडी होती ते पाहावे. लाकडी खांबांच्या पिंजऱ्यासारखी खोली, उन्हाळ्यात असह्य उष्मा, अंगात मधुमेह. लेखनासाठी सुटे कागद मिळत नसत. पृष्ठांक घातलेल्या बांधीव वह्या आणि शिसपेन्सिल एवढ्यावर भागवावे लागे. पुस्तके पुण्याहून मागवावयाची आणि ती अधिकाऱ्यांच्या नजरेखालून यावयाची. जून १९१२ मध्ये पत्नीच्या निधनाचे वृत्त ह्याच खोलीत आले.

ह्या सर्वांचे श्रेय लोकोत्तर इच्छाशक्तीला देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण इच्छाशक्तीने जर्मनच का निवडावी, ह्याचे उत्तर तिच्यात मिळत नाही. ते दीड दशक मागे जाऊन शोधावे लागते. १८९३ मध्ये 'ओरायन' प्रसिद्ध झाला त्याच वर्षी जर्मनीत हेर्मान याकोबी ह्यांनी स्वतंत्रपणे वेदकालाविषयी तशाच स्वरूपाचा निष्कर्ष मांडला, आणि तो निबंध जर्मन भाषेत होता. वेदकालाचा वाद ज्या भाषेत प्रामुख्याने चालला होता ती भाषा वादातील एका प्रमुख पक्षकाराला अवगत नसावी, ही उणीव १९०८ पूर्वीची होती. मंडालेने सवड पुरविली. गरज आधीच पदरी होती. सवड तर त्या तुरुंगातील इतर बंद्यांनाही होती.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. टिळकांना जर्मन बोलावयाचे नव्हते. त्यांनी भाषेचा एक अंश निवडला, कोशाच्या साहाय्याने शास्त्रीय गद्य वाचता येणे हा, आणि बाकीचा सोडून दिला. आपले विद्यार्थी 'स्पॅनिश शिकतो' असे म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात वाचन, भाषण, गाणी, चित्रपट आणि प्रमाणपत्र हे सर्वच असते. इतक्या दिशांना जाणारा अभ्यास पहिल्या आजारपणात किंवा पहिल्या परीक्षेत थांबला तर नवल नाही, कारण तो कोठे पोचला आहे हे मोजण्याचे मापच नसते.

तुरुंगातील भाषाभ्यासाची परंपरा पुढेही आढळते. १९४२ नंतरच्या कारावासात विनोबांनी वेल्लोर येथे दक्षिणेकडील चारही प्रमुख भाषा एकदमच हाती घेतल्या. सजातीय भाषा एकत्र शिकण्यात तुलनेचा लाभ मिळतो, हे भाषाविज्ञानाच्या दृष्टीनेही रास्त आहे. तथापि हा मार्ग सामान्यांसाठी नव्हे, आणि तुरुंग हा तर मार्गच नव्हे.

मोकळ्या माणसाचे उदाहरण युरोपात हाइनरिक श्लीमान ह्याचे दिले जाते. ट्रॉयच्या उत्खननामुळे प्रसिद्ध झालेल्या ह्या गृहस्थाने ॲम्स्टरडॅम येथे पेढीवर नोकरी करीत असताना स्पॅनिशसह अनेक भाषा शिकल्याचे स्वतःच लिहून ठेवले आहे. मोठ्याने वाचणे, भाषांतर न करणे, रोज ठरावीक वेळ देणे, स्वतः निबंध लिहून ते पाठ करणे, अशी त्याची रीत होती. स्पॅनिशसारख्या नंतरच्या भाषांस प्रत्येकी सहा आठवडे लागल्याचा त्याचा दावा मी थोडा बेतानेच घेतो; आत्मचरित्रातील आकडे हे उत्खननातील आकड्यांइतकेच तपासून घ्यावे लागतात. पण एक तपशील मात्र विश्वसनीय आहे, कारण तो त्याच्या कौतुकात भर घालीत नाही. रशियन शिकताना पाठ म्हणून दाखविण्यासाठी त्याने आठवड्याच्या बोलीने एक श्रोता पगारी ठेवला होता, आणि त्या श्रोत्याला रशियनचे अक्षरही येत नव्हते. श्रोता शिक्षक नसला तरी चालतो. तो येणार आहे एवढे पुरते. (आमच्या घरी ही जागा माझ्या पुतण्याने काही दिवस विनावेतन चालविली.)

आता स्पॅनिशकडे वळू. ही भाषा शिकून तीत शास्त्रीय ग्रंथरचना करणारा मराठी माणूस होऊन गेला आहे. पांडुरंग सदाशिव खानखोजे १८८४ मध्ये वर्धा येथे जन्मले. विद्यार्थिदशेतच देश सोडून ते जपानमार्गे अमेरिकेत गेले, तेथे कृषिशास्त्र शिकले, गदर चळवळीच्या आरंभीच्या संघटकांत होते, पहिल्या महायुद्धाच्या काळात इराणात लढले, पुढे बर्लिन व मॉस्को पाहून १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोचले. वय चाळीस. मेक्सिको शहराजवळील चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते अध्यापक झाले, शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढण्याच्या कार्यात पुढे राहिले, आणि मका व गहू ह्यांवरील संशोधनाने त्या देशात नावाजले गेले. दिएगो रिवेरा ह्यांनी शिक्षणखात्याच्या इमारतीतील भित्तिचित्रात त्यांना भाकरी वाटणाऱ्याच्या जागी बसविले आहे. १९५५ मध्ये ते भारतात कायमचे परतले व १९६७ मध्ये नागपूर येथे निवर्तले.

चापिंगोच्या वर्गात शेतकऱ्यांची मुले समोर होती. त्यांना इंग्रजी कळण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा खानखोज्यांचे स्पॅनिश टिळकांच्या जर्मनहून अगदी निराळ्या जातीचे असणार: एक कोशातून पुस्तकाकडे गेलेले, दुसरे शेतातून फळ्याकडे आलेले. दोन्हींत समान काय? रोजचा पाठ त्या दिवशीच्याच कामाला लागत होता. भाषा आधी, काम नंतर, असा क्रम कोठेच दिसत नाही.

येथे आपल्या अभ्यासाची एक उणीव सांगणे प्राप्त आहे. खानखोज्यांविषयी आपण जे लिहितो त्यात क्रांतिकारकाचा वृत्तांत भरघोस असतो आणि कृषिशास्त्रज्ञाला एखादा परिच्छेद मिळतो. ह्याचे कारण आवडनिवड हे नाही. त्यांच्या आयुष्यातील तीसएक वर्षांचे लेखन स्पॅनिशमध्ये आहे, आणि आपल्याला ती भाषा येत नाही. १९३० च्या दशकात त्यांनी एका मक्याच्या वाणावर ग्रंथ लिहिला. वाणाचे स्पॅनिश नाव 'माईस ग्रानादा', लॅटिन नामात 'डिजिटाटा', म्हणजे बोटे असलेला, असे विशेषण. कोशात 'ग्रानादा' ह्या शब्दाचा पहिला अर्थ डाळिंब आणि पुढचा हातबाँब. मक्याच्या वाणाला डाळिंबाचेच नाव द्यावयाचे असणार. पण तारुण्यात स्फोटकांची विद्या जवळ केलेल्या माणसाला दुसरा अर्थ कानावर आला नसेल काय, हा प्रश्न स्पॅनिश न जाणणाऱ्या चरित्रकाराला सुचणारही नाही. मराठ्यांच्या पोर्तुगीजांशी असलेल्या संबंधांबाबत आपण अधिक सुदैवी ठरलो, कारण गोव्याच्या दप्तरखान्यात पांडुरंग पिसुर्लेकर होते.

माझा तिसरा प्रयत्न टिकला तो ह्या ग्रंथाच्या ओढीने. पहिल्या दोन वेळी समोर फक्त धडे होते.

आणखी एक अडचण आहे. तिची चर्चा आपल्या विभागात व्हावयास हवी, कारण ती भाषाविषयक आहे. आपल्याला मिळणारी बहुतेक स्वयंशिक्षके इंग्रजीतून लिहिलेली असतात. 'मे गुस्ता एल माईस' हे वाक्य तेथे मोठा अपवाद म्हणून येते: कर्ता कर्म होतो, कर्म कर्ता होते, सावध राहा, इत्यादी. मराठी माणसाला त्यात सावध राहण्यासारखे काय आहे? 'मला मका आवडतो' ही तीच रचना. अनुभवणारा चतुर्थीत, क्रियापद मक्याच्या मागे. जो नियम आपल्या तोंडात जन्मापासून आहे तो इंग्रजीच्या वाटेने गेल्यामुळे परका होऊन भेटतो. मनुष्यवाचक कर्मापूर्वी येणाऱ्या 'आ' ह्या शब्दयोगी अव्ययाचेही तसेच. स्पॅनिश मनुष्य झाड नुसते पाहतो आणि ख्वानला पाहताना मध्ये 'आ' घालतो. आपणही झाड पाहतो आणि रामाला पाहतो. इच्छार्थक उपवाक्यात स्पॅनिश क्रियापद जे निराळे रूप घेते ते 'तू यावेस' मधील 'यावेस' आठवून समजते. उलट 'असणे' ह्या एका क्रियापदाच्या जागी तेथे दोन आहेत, आणि त्या ठिकाणी मराठी आपल्याला काहीच मदत करीत नाही. माझी पहिली वही 'गुस्तार'च्या पाठावर थांबली होती, हे आता पाहताना लाजिरवाणे वाटते.

शब्दसंग्रहातही जवळचा दुवा आहे. मेज, पगार, चावी हे शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आले आणि त्यांची भावंडे स्पॅनिशमध्ये भेटतात. चावी हा शब्द तर बोधप्रद आहे. आजचा पोर्तुगीज उच्चार 'शाव' असा आहे. 'च' हा जुना उच्चार आपण जपून ठेवला आहे. स्पॅनिशमध्ये त्याच लॅटिन मूळचा शब्द 'याबे' होतो. पावसाला पोर्तुगीज 'शूवा' म्हणतात, स्पॅनिश लोक 'यूब्या'. एकदा हा वर्णसंवाद ध्यानात आला की शब्द जोडीने लक्षात राहतात. 'यूब्या' विसरण्याची भीती तर भुशीस राहणाऱ्याला मुळीच नाही.

विस्मरणाचा नियम एबिंगहाउस ह्याने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडला: पाठ केलेले सर्वांत जास्त पहिल्या काही तासांत गळते, मग गळती मंदावते. म्हणून रोजची पंचवीस मिनिटे रविवारच्या तीन तासांपेक्षा मोलाची. लोकलचा प्रवास हा लाभ आपोआप देतो. मंडालेत तो तुरुंगाच्या दिनक्रमाने दिला असावा. वेळ आपण निवडलेली नसते, म्हणूनच ती टिकते. सुट्टीच्या दिवसांत, गाडी पकडावयाची नसते तेव्हा, माझा अभ्यास अजूनही डळमळतो.

सध्या मी मक्यावरील मेक्सिकन लेखन वाचतो आणि वही दोन स्तंभांत भरतो. माद्रिदच्या भाषेवर आधारलेली पाठ्यपुस्तके येथे अपुरी पडतात, कारण मक्याच्या शेतीची मेक्सिकन परिभाषा मोठ्या प्रमाणात नाहुआत्ल भाषेतून आलेली आहे: मिसळपिकांचे शेत ते 'मिल्पा', कोवळे कणीस ते 'एलोते', दाणे काढल्यावर उरलेले दांडके ते 'ओलोते'. उजव्या स्तंभात मराठी शब्द हवेत, आणि तेही मावळातले हवेत असा माझा आग्रह आहे. पावसाळ्यात भुशीच्या धरणाकडे जाणाऱ्या वाटेवर निखाऱ्यांवर कणसे भाजणाऱ्या एक बाई बसतात. कणसावरच्या पानांचे, टोकाच्या केसांचे आणि अर्धवट भरलेल्या दाण्यांचे शब्द मी त्यांच्याकडून टिपून घेतले. 'ओलोते' समोरची जागा मात्र दोन आठवडे रिकामी आहे. बाईंनी एक शब्द सांगितला, आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या सासूबाईंनी तो चूक ठरवून दुसरा सांगितला.