हातात हात घालणारे रेणू

मार्च-एप्रिलमध्ये चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात पहाटे मोहफुलांचा सडा पडतो. फुले वाळवून भिजत घातली की काही दिवसांत आंबतात, हाच मोहसडवा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी पोलिसांनी मोहसडवा ओतून दिल्याच्या बातम्या येतच असतात. त्यामुळे ऊर्ध्वपातनाचा धडा तिथल्या मुलांना अगदीच परका नसतो. सडव्याचे भांडे चुलीवर, त्यावर थंड पाण्याचे भांडे आणि मधे थेंबाथेंबाने जमणारा अर्क!

पुस्तक सांगते की अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळते आणि पाणी १०० ला, म्हणून दोन्ही वेगळी होतात. मग एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, "सर, पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन केलं तर शेवटी शुद्ध अल्कोहोल मिळेल ना?" नाही मिळत. साखर कारखान्याच्या आसवनीतील उंच मनोऱ्यातही वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांना गाडी अडते. तिथे द्रवात जे प्रमाण असते, तेच वाफेत असते. असे का, हे रेणूंच्या पातळीवरून गणिताने मांडायला फार काळ लागला. त्या गणिताचा पाया एका शाळामास्तरांनी घातला.

योहानेस व्हान डर वाल्स हे हॉलंडमधील सुताराचे चिरंजीव. प्राथमिक शिक्षक म्हणून सुरुवात करून ते हेगच्या माध्यमिक शाळेत पोचले, आणि तिथे शिकवत असतानाच १८७३ साली त्यांनी लायडन विद्यापीठाला प्रबंध सादर केला. आदर्श वायूच्या समीकरणात रेणू म्हणजे नुसते बिंदू, एकमेकांशी देणेघेणे नसलेले. व्हान डर वाल्स यांनी दोन दुरुस्त्या केल्या: रेणू जागा व्यापतात आणि ते एकमेकांना ओढतात. एवढ्यावर वायू आणि द्रव दोन्ही एकाच अवस्था-समीकरणात आले! १९१० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पण पाण्यापाशी हे समीकरण अडखळते. क्रांतिक बिंदूपाशी दाब आणि एका मोलचे आकारमान यांच्या गुणाकाराला वायुस्थिरांक आणि तापमान यांच्या गुणाकाराने भागले, तर समीकरणानुसार प्रत्येक पदार्थासाठी ०.३७५ यायला हवेत. प्रत्यक्षात आरगॉनसाठी ०.२९ येतात, पाण्यासाठी अवघे ०.२३. समीकरणातला रेणू सर्व दिशांनी सारखाच ओढणारा गोल चेंडू आहे. पाण्याचा रेणू तसा नाही, तो ठरावीक दिशांनीच शेजाऱ्याचा हात धरतो.

१९०८ साली डोलेझालेक यांनी असे जोडलेले रेणू म्हणजे जणू नवी संयुगेच, असे मानून हिशेब मांडला. १९२० साली लॅटिमर आणि रोडेबुश यांनी हायड्रोजन बंधाची कल्पना स्पष्ट केली. अवस्था-समीकरणे मात्र तेल आणि वायूच्या उद्योगामागे धावत राहिली. रेडलिख-क्वाँग (१९४९), सोआवे (१९७२), पेंग-रॉबिन्सन (१९७६) ही समीकरणे मिथेन-प्रोपेनसाठी छान; पाणी, अल्कोहोल, ॲसेटिक आम्ल आले की डळमळीत. आंबट झालेल्या सडव्यातले हे आम्ल तर वाफेतही जोडीजोडीने फिरते!

कोंडी फोडली ती वर्थाइम यांनी, १९८४ ते १९८६ या काळातल्या शोधनिबंधांतून. रेणूवर काही चिकट जागा कल्पायच्या, आणि एका जागेला एका वेळी एकच जोडीदार. मग किती हात मोकळे आणि किती गुंतलेले, हे तापमान आणि घनतेवरून काढता येते. चॅपमन, गबिन्स, जॅक्सन व राडोझ यांनी १९८९-९० मध्ये त्यावरून अभियंत्यांना वापरता येईल असे समीकरण उभारले. त्यातील काही मूल्ये आजही प्रयोगांशी जुळवून घ्यावी लागतात, हे खरे.

आता त्या मुलीला उत्तर देता येते. ७८ अंशांना शुद्ध पाण्याचा बाष्पदाब निम्म्या वातावरणाहूनही कमी असतो. पण भरपूर अल्कोहोलमध्ये चारदोनच पाण्याचे रेणू उरले, की त्यांना हात धरायला आपली माणसे पुरेशी भेटत नाहीत. त्यांची निसटण्याची ओढ सुमारे अडीच पटींनी वाढते आणि ते अल्कोहोलच्या बरोबरीने वाफेत जातात. म्हणून पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलमधले शेवटचे पाणी बहुधा उकळून काढत नाहीत. झिओलाइटच्या खड्यांतून वाफ सोडतात. त्यांच्या छिद्रांत पाण्याचा रेणू शिरतो, अल्कोहोलचा मावत नाही.