शिकारीच्या रायफलची नळी किती लांब असावी? बॅरल लेंथचं गणित सोप्या मराठीत

बीजीएमआय खेळणाऱ्या प्रत्येकाला 'कार ९८के' माहीत असते. पण नावातला शेवटचा 'के' कशाचा, हे फार जणांना माहीत नसतं. तो आहे जर्मन शब्द 'कुर्त्स', म्हणजे आखूड. जर्मन सैन्याच्या जुन्या गेवेअर ९८ रायफलची नळी ७४ सेंटीमीटर होती. १९३५ मध्ये आलेल्या कार ९८के मध्ये ती ६० सेंटीमीटर केली. म्हणजे गेममध्ये आपण जिला लांब पल्ल्याची समजतो, तिचं नावच 'आखूड' आहे!

मग लांब नळी चांगली की आखूड? अमेरिकेत, जिथे परवाना घेऊन हरणाची शिकार कायदेशीर आहे, तिथे रायफल घेताना हा प्रश्न येतोच. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शिकारीला बंदी आहे, हे आधीच सांगतो. मी शिकारी नाही, मला यातलं फिजिक्स आवडतं. पण हा फक्त आकड्यांचा खेळ नाही. निवड चुकली आणि गोळी कमी पडली, तर जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी झुडपात तडफडून मरतं. म्हणून हा विषय नीट समजून घेऊया.

नळीचं काम काय?

ट्रिगर दाबला की काडतुसातली दारू जळते आणि गरम वायू तयार होतो. हा वायू गोळीला मागून ढकलतो. गोळी नळीत असेपर्यंतच हा धक्का मिळतो, बाहेर पडली की संपला. त्यामुळे नळी लांब तर धक्का जास्त वेळ आणि वेगही जास्त.

पण सगळ्यात मोठा दाब पहिल्या काही इंचांतच येतो. पुढे वायू पसरत जातो, दाब उतरत जातो. म्हणून सुरुवातीचे इंच भरपूर वेग देतात आणि शेवटचे इंच थोडाच. साध्या शिकारी काडतुसांत २० इंचांच्या आसपास एक इंच कमी-जास्त केला, तर वेगात साधारण ६ ते ९ मीटर प्रति सेकंदाचा फरक पडतो. जास्त दारू असलेल्या मॅग्नम काडतुसांत तो आणखी वाढतो.

एक हिशेब करून बघू

.३०८ विंचेस्टर हे १९५२ पासूनचं लोकप्रिय काडतूस. त्याची सुमारे ९.७ ग्रॅमची गोळी २४ इंची नळीतून साधारण ८६० मीटर प्रति सेकंदाने निघते. नळी १८ इंच केली तर वेग ८१५ च्या आसपास येतो.

- वेग कमी झाला: सुमारे ५ टक्के
- ऊर्जा कमी झाली: सुमारे १० टक्के (ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते, शाळेतलं सूत्र आठवा)
- नेम १०० मीटरला जुळवला असेल, तर २०० मीटरवर गोळी जास्तीची खाली जाते: माझ्या ढोबळ हिशेबाने दोन-अडीच सेंटीमीटर

अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण २० सेंटीमीटर रुंद असतो. त्यापुढे दोन-अडीच सेंटीमीटर काहीच नाही. २०० मीटरच्या आत हरणाला फरक कळणारसुद्धा नाही.

मग खरा फरक कुठे पडतो?

लांबवर. शिकारीची गोळी आत गेल्यावर फुलावी लागते, तरच जनावर पटकन मरतं. त्यासाठी गोळी पोचताना किमान वेग हवा. बऱ्याच गोळ्यांसाठी तो साधारण ५५० मीटर प्रति सेकंद असतो. नेमका आकडा गोळी बनवणारी कंपनीच देते. हवेच्या विरोधाने वेग सतत कमी होतच असतो. सुरुवातीलाच ४५ मीटर प्रति सेकंद गमावले, तर ही किमान मर्यादा ५०-६० मीटर आधीच येते. म्हणजे आखूड नळी घेणाऱ्याने आपला पल्लाही तेवढा आखूड केला पाहिजे. रायफल बदलली आणि सवय जुनीच राहिली, तर जनावर जखमी होतं.

लांब नळीचा नेम जास्त अचूक, हे खरं का?

नाही. हा सगळ्यात जुना गैरसमज. काळ्या दारूच्या जमान्यात अमेरिकेतल्या केंटकी रायफलींच्या नळ्या ४० इंचांहून लांब असायच्या. शिवाय साध्या माशी-खाचेने नेम धरताना पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर जास्त असलं, की चूक लवकर दिसते. आता शिकारी रायफलवर स्कोप असतो, तिथे हा फायदा उरत नाही. उलट जाडी तीच ठेवली तर आखूड नळी जास्त ताठ असते, कमी थरथरते.

आपल्या मातीतलं उदाहरण घ्या. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. या प्रकारात .२२ चं छोटं काडतूस वापरतात. त्यात दारू इतकी कमी असते, की गोळीला मिळायचा वेग साधारण २० इंचांच्या आतच मिळून जातो. तरी अशा रायफलींच्या पुढच्या टोकाला पोकळ नळकांडं जोडलेलं दिसतं. ते वेगासाठी नसतं. स्कोप चालत नाही, म्हणून पुढची साइट आणखी लांब नेण्यासाठी असतं.

आखूड नळीचे फायदे आणि त्रास

फायदा वावरण्याचा. दाट झाडीत, मचाणावर किंवा गाडीत चढताना लांब रायफल अडकते. वजनाचं म्हणाल तर बारीक नळीत दोन इंचांना फक्त ५०-६० ग्रॅम, पण ते टोकाला असल्याने हाताला जास्त जाणवतं. विंचेस्टरची १८९४ ची रायफल २६ इंची नळीत मिळायची, पण जंगलात फिरणाऱ्यांमध्ये तिची २० इंची कार्बाइनच गाजली.

त्रास आवाजाचा. नळी आखूड तर स्फोट कानाजवळ आणि वायूचा दाबही जास्त. रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो आणि १४० च्या वर एकच धमाकासुद्धा कान कायमचा बिघडवू शकतो. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, म्हणून कानाला संरक्षण हवंच.

फिनलंड, नॉर्वे आणि अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत शिकारीला सायलेन्सर चालतो. तो लावला की रायफल १५-२० सेंटीमीटरने वाढते, म्हणून तिथे १६ ते २० इंची नळ्यांची मागणी वाढली आहे. आणि हो, सायलेन्सर लावल्यावर गेमसारखा 'फुस्स' आवाज येत नाही. धमाका कमी होतो, गायब होत नाही.

कुठे किती? एका नजरेत

- दाट जंगल, १०० मीटरच्या आतला नेम: १८ ते २० इंच
- थोडं जंगल, थोडं मोकळं रान: २२ इंच (.३०८ किंवा .३०-०६ साठी बहुतेकांचा मधला मार्ग)
- मोकळी पठारं, डोंगर, लांबचा नेम: २४ इंच
- ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम, .३०० विंचेस्टर मॅग्नम: २४ ते २६ इंच. यांना आखूड नळी दिली तर जास्तीची दारू, जास्तीचा धक्का आणि आवाज फुकट जातो.

नेहमीचे दोन प्रश्न

नळी मोजतात कशी? बोल्ट बंद असताना त्याच्या तोंडापासून नळीच्या टोकापर्यंत. काडतूस बसतं ती जागाही यात धरतात. काढता येणारं जोडकाम धरत नाहीत.

नळी कापून घेता येते का? अमेरिकेत १६ इंचांपेक्षा आखूड नळीच्या रायफलला १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टखाली वेगळी नोंदणी लागते. भारतात तर शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं हाच गुन्हा आहे.

माझं मत

आधी अंतर ठरवा, मग काडतूस, आणि शेवटी नळी. बरेच जण नेमकं उलटं करतात: दिसायला भारी नळी आधी निवडतात आणि पल्ला नंतर गृहीत धरतात. मला कोणी एकच आकडा विचारला तर साध्या काडतुसाला २२ इंच सांगेन. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्या रायफलची गोळी किती मीटरपर्यंत नीट फुलते, हे माहीत असणं. त्यापुढचं जनावर दिसलं तर ट्रिगरवरून बोट काढायचं.

पुढच्या वेळी कार ९८के उचललीत, की मित्रांना त्या 'के' चा अर्थ नक्की विचारा!