खाका: गिरवलेली रेषा आणि चित्रकाराचा हात

१/ चित्र गिरवून काढले आहे असे कळताच त्याचे मोल आपल्या नजरेत उतरते. ‘ट्रेस केलंय, यात कसली कला?’ हा शेरा ठरलेलाच. अकबराच्या (कारकीर्द १५५६–१६०५) चित्रशाळेत मात्र गिरवणे हा कामाचा उघड भाग होता. आजचा #धागा त्याविषयी.

२/ हरणाच्या पातळ, पारदर्शक कातड्यावर मूळ रेखाटन उतरवून घेत, हा ‘चरबा’. रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडून तो कोऱ्या कागदावर ठेवत आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून हलके आपटत. खाली ठिपक्यांची आकृती उमटे. रांगोळीचे ठिपके काढायला आपण छिद्रांचा कागद वापरतो, तत्त्व तेच.

३/ फारसीत ‘खाक’ म्हणजे धूळ. भुकटीने उमटवलेली ही आकृती म्हणजे ‘खाका’. मराठीत आराखड्याला आपण खाका म्हणतो, तो हाच शब्द.

४/ मग कौशल्य उरले कुठे? ठिपके रेषेची जागा सांगतात. ती कुठे भरावी आणि कुठे केसाएवढी बारीक व्हावी, हे सांगत नाहीत. ते खारीच्या केसांचा कुंचला धरणाऱ्या हातालाच ठरवावे लागे. पुढे पांढरा पातळ लेप, पुन्हा रेखाटन, रंगांचे थर आणि अकीकाच्या दगडाने घोटाई.

५/ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील ‘अकबरनामा’च्या प्रतीत ११६ चित्रे आहेत. अनेक चित्रांखाली दोन नावे आढळतात: ‘तरह’ म्हणजे रचना एकाची, ‘अमल’ म्हणजे रंगकाम दुसऱ्याचे. हवाई हत्तीवर स्वार अकबर रणबाघ हत्तीचा पाठलाग करत नावांच्या पुलावर आला आहे, हे १५६१ सालच्या प्रसंगाचे प्रसिद्ध चित्र घ्या. रचना बसावनची, रंगकाम चेतरचे.

६/ या पद्धतीला दुसरी बाजूही आहे. तोच खाका वारंवार वापरला गेला, तेव्हा साच्यातून काढल्यासारखी निर्जीव व्यक्तिचित्रेही निपजली. खाका चांगल्या हाताला वेळ मिळवून देतो. कच्च्या हाताचा कच्चेपणा तो झाकत नाही.

७/ रचना करणे आणि ती तडीस नेणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, हे त्या चित्रशाळेने ओळखले होते आणि दोन्हींचे श्रेय लिहूनही ठेवले होते. म्हणून गिरवलेले चित्र दिसले की आधी एवढेच विचारावे: मूळ रचना कोणाची, आणि ते सांगितले आहे का?