मतभेद, आदर आणि आत्मपरीक्षण : इतिहासातील काही दाखले

आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत, ही अहमदपूरच्या समस्त जैन समाजासाठी आनंदाची बाब आहे. अशा प्रसंगी वास्तू, देणग्या आणि उपक्रम यांचा आढावा घेतला जातो व तो घेतलाच पाहिजे. तथापि कोणतीही संस्था केवळ पैशावर पन्नास वर्षे उभी राहत नाही. पैसा कमी पडला म्हणून बंद पडलेल्या संस्था थोड्या. कार्यकर्त्यांची मने दुभंगली म्हणून मोडलेल्या संस्था अधिक. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने एका वेगळ्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. तो विषय म्हणजे मतभेद. मतभेद कसा मांडावा आणि तो मांडला गेल्यावर नेतृत्वाने काय करावे, या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्या परंपरेने व आपल्या प्रदेशाच्या इतिहासाने फार पूर्वीच देऊन ठेवली आहेत.

आनंद श्रावक आणि गौतम गणधर

उपासकदशांग सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात वाणिज्यग्रामच्या आनंद गाथापतीची कथा आली आहे. आनंद हा आपल्यासारखाच व्यापारी गृहस्थ, परंतु वैभव असे की बारा कोटी सुवर्णमुद्रा आणि दहा दहा हजार गाईंची चार गोकुळे त्याच्या घरी होती. भगवान महावीरांकडून श्रावकाची बारा व्रते घेतल्यावर चौदा वर्षांनी त्याने घरचा कारभार ज्येष्ठ पुत्राकडे सोपविला, कोल्लाग संनिवेशातील पौषधशाळेत राहून अकरा प्रतिमांची आराधना केली आणि अखेरीस संथारा स्वीकारला. त्या अवस्थेत त्याला अवधिज्ञान प्राप्त झाले.

त्याच सुमारास गौतमस्वामी गोचरीसाठी त्या भागात आले होते. ते भगवंतांचे पहिले गणधर, चार ज्ञानांचे धारक, चौदा हजार साधूंच्या संघातील अग्रणी. उठून वंदन करण्याचीही शक्ती न उरलेल्या आनंदाने त्यांना जवळ येण्याची विनंती केली, चरणांवर मस्तक ठेवले आणि आपल्या ज्ञानाची व्याप्ती सांगितली. गौतमांना ते पटले नाही. गृहस्थाला अवधिज्ञान होऊ शकते, पण एवढे विस्तृत नव्हे. तेव्हा आनंदाने आलोचना करून प्रायश्चित्त घ्यावे, असे त्यांनी सुचविले.

यापुढील प्रसंग प्रत्येक विश्वस्ताने मनन करावा असा आहे. आनंदाने संतापून उत्तर दिले नाही. पण गणधर म्हणाले म्हणून मानही तुकविली नाही. जिनशासनात खऱ्या गोष्टीसाठी प्रायश्चित्त असते काय, एवढेच त्याने नम्रपणे विचारले. नसते, असे गौतमांनी सांगताच, मग प्रायश्चित्त आपणच घेणे योग्य ठरेल, असे त्याने आदर राखून सुचविले. मनात शंका घेऊन गौतम भगवंतांकडे परतले. भगवंतांनी आपल्या पट्टशिष्याचा पक्ष घेतला नाही. आनंदाचे म्हणणे खरे आहे, त्याची क्षमा मागून या, असे सांगितले. गौतमांना त्या दिवशी दोन उपवासांचे पारणे करावयाचे होते. परंतु पारण्यापूर्वीच ते आल्या वाटेने परत गेले आणि त्यांनी एका गृहस्थाची क्षमा मागितली.

या कथेत आपल्या विषयाच्या दोन्ही बाजू आल्या आहेत. ज्याचे मत वेगळे आहे त्याने सत्य सोडू नये आणि वंदनही सोडू नये, ही आनंदाची बाजू. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने स्वतःचे म्हणणे तपासून पाहावे आणि चुकल्यास स्वतः चालत जावे, ही गौतमांची बाजू. क्षमा मागितल्याने गौतमांचे गणधरपद कमी झाले नाही. उलट अडीच हजार वर्षांनंतरही तो प्रसंग त्यांच्या थोरवीचा दाखला म्हणून सांगितला जातो.

उत्तराध्ययन सूत्रातील केशी-गौतम संवादही याच जातीचा आहे. भगवान पार्श्वनाथांच्या परंपरेतील केशीकुमार श्रमण आणि गौतम हे दोघे एकाच वेळी श्रावस्तीत आले. एका परंपरेत चार महाव्रते, दुसरीत पाच, वेषातही फरक. शिष्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. तेव्हा केशींचे कुल ज्येष्ठ आहे हे जाणून गौतम आपण होऊन तिंदुक उद्यानात गेले. केशींनीही त्यांना आसन देऊन त्यांचा सत्कार केला आणि मगच प्रश्नोत्तरे झाली. आधी सन्मान आणि नंतर चर्चा, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

कोल्हापूरचे बोर्डिंग

ही झाली आगमकाळातील उदाहरणे. आधुनिक काळात, तेही महाराष्ट्रातील जैन समाजात, आनंद श्रावकाची बाजू जगून दाखविणारे पुरुष म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत असत. तेथील व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या आद्य कार्यकर्त्यांपैकी ते एक, मोठे विद्वान आणि शिस्तीचे कडक. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव गेले आणि परत आल्यावर शुद्धीचा नियम पाळण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने ते काही काळ राहिले.

१९१४ साली कोल्हापुरात सम्राट एडवर्ड व राणी अलेक्झांड्रा यांच्या पुतळ्यांस डांबर फासण्याचा प्रकार घडला आणि त्याचा संशय लठ्ठ्यांवर घेण्यात आला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी भाऊरावांवर दबाव आणला. ज्याने आपल्याला बोर्डिंगबाहेर काढले त्याच्यावर सूड उगविण्याची संधी आयती चालून आली होती. परंतु भाऊरावांनी नकार दिला. कोठडीतील छळ इतका असह्य झाला की त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. पण खोटी साक्ष दिली नाही. स्पृश्यास्पृश्यतेविषयी लठ्ठ्यांशी झालेला त्यांचा वाद खरा होता आणि त्यात त्यांनी तडजोड केली नव्हती. परंतु एखाद्याचे मत चूक असणे आणि तो माणूस गुन्हेगार असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा विवेक त्यांनी प्राणांतिक प्रसंगीही सोडला नाही. ज्या कारणासाठी बोर्डिंग सुटले तेच त्यांचे जीवनकार्य झाले. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविणारे वसतिगृह सुरू केले.

लठ्ठ्यांचे पुढील वर्तनही तितकेच उल्लेखनीय आहे. या प्रकरणानंतर त्यांना कोल्हापूर सोडून बेळगावी जावे लागले. ज्यांच्या राज्यात असा अनुभव आला त्या शाहू महाराजांविषयी ते कडवट लिहू शकले असते. पण महाराजांचे १९२२ मध्ये निधन झाल्यावर, १९२४ मध्ये त्यांचे दोन खंडांतील इंग्रजी चरित्र लिहून प्रसिद्ध केले ते लठ्ठ्यांनीच. पुढे ते कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि १९३७ मध्ये मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री झाले. व्यक्तिगत दुःख बाजूला ठेवून दुसऱ्याच्या कार्याचे मोल मान्य करणे, हेही आत्मपरीक्षणाचेच फळ होय.

मराठवाड्याचा अनुभव

आपल्या अहमदपूरची कहाणीही अशाच एका मतभेदाशी जोडलेली आहे, हे नव्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल. आपला तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, तरी हैदराबाद राज्य एकसंधच राहिले. मराठी, तेलुगू व कन्नड लोकांचे हे मिश्र राज्य तसेच टिकावे, असे पंतप्रधान पंडित नेहरूंना वाटत होते. मुक्तिसंग्रामाचे अग्रणी स्वामी रामानंद तीर्थ यांचे मत मात्र वेगळे होते. राज्याचे भाषावार विभाजन होऊन प्रत्येक भाग आपापल्या भाषाबांधवांत जावा, असा त्यांचा आग्रह होता. नेहरूंविषयी त्यांना नितांत आदर होता, परंतु आदरापोटी त्यांनी मत गिळले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. १९८२ पासून आपण लातूर जिल्ह्यात आहोत. नेत्याशी आदरपूर्वक मतभेद मांडण्याची हिंमत त्या पिढीने दाखविली, त्याचा लाभ आपण आज घेत आहोत.

खुद्द स्वामीजींनाही असे मतभेद स्वीकारावे लागले. त्यांचे अत्यंत निकटचे सहकारी गोविंदभाई श्रॉफ हे डाव्या विचारांचे होते. स्वातंत्र्यानंतर ते व त्यांचे काही सोबती काँग्रेसमधून बाहेर पडले आणि वाटा वेगळ्या झाल्या. पण एकमेकांविषयीचा स्नेह तुटला नाही. स्वामीजींचे १९७२ मध्ये देहावसान झाले. त्यानंतर औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने संशोधन संस्था उभी राहिली, ती गोविंदभाईंच्या पुढाकाराने. ज्याच्यापासून आपण राजकारणात दुरावलो त्याचे नाव आपल्या कार्यावर कोरणे, यासाठी मोठे मन लागते.

सादडीचे संमेलन

आनंद श्रावकाची बाजू भाऊरावांनी जगून दाखविली. गौतमांची बाजू पाहावयाची तर आचार्यसम्राट आनंदऋषीजी महाराजांचे स्मरण करावे लागते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील चिचोंडी येथे १९०० साली त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी त्यांनी दीक्षा घेतली. स्थानकवासी परंपरेत त्या काळी अनेक संप्रदाय होते. प्रत्येकाचे आचार्य, समाचारी व चातुर्मासाची क्षेत्रे वेगळी. आनंदऋषीजी ऋषी संप्रदायाचे आचार्य होते आणि १९४९ मध्ये ब्यावर येथे पाच संप्रदाय एकत्र आले तेव्हा त्यांचेही आचार्यपद त्यांच्याकडेच आले.

१९५२ च्या अक्षय तृतीयेस राजस्थानातील सादडी येथे साधू संमेलन भरले. सर्वांचा मिळून एक श्रमण संघ व्हावा, तर एकच आचार्य असावा लागतो. म्हणजे बाकीच्यांनी पद सोडावयाचे. तेथे अनेक संप्रदायांच्या प्रमुखांनी आपापल्या पदव्या संघाच्या चरणी ठेवल्या. त्यांत आनंदऋषीजीही होते. आचार्यपद आत्मारामजी महाराजांकडे गेले आणि आनंदऋषीजींनी प्रधानमंत्री म्हणून दुय्यम जबाबदारी स्वीकारली. कालांतराने, १९६४ मध्ये अजमेर येथे, त्याच संघाने त्यांना आचार्यपदावर विराजमान केले. त्या संघातही पुढे मतभेद झाले व काही जण वेगळे झाले, हे इतिहासाने नाकारता येत नाही. तरीही सादडीचा धडा कायम आहे. पद ही आपली मिळकत नसून संघाची ठेव आहे, असे ज्याला वाटते त्याला ती परत करताना जड जात नाही.

पन्नाशीनंतरची वाटचाल

आता आपल्या ट्रस्टकडे वळू. या वर्षांत कार्यकर्त्यांची दुसरी पिढी कामाला लागली असून तिसरी पिढी उंबरठ्यावर आहे. पुढील काळात मतभेद होणार, यात शंका नाही. पाठशाळा कशी चालवावी, भोजनशाळेवर किती खर्च करावा, राखीव निधी कशासाठी वापरावा, विश्वस्त मंडळात महिला व तरुण यांना किती स्थान द्यावे, या प्रत्येक प्रश्नावर दोन प्रामाणिक मते असू शकतात. ही मते बैठकीत मांडली गेली तर ती संस्थेची संपत्ती ठरतात. बैठकीत मौन आणि बाजारपेठेत चर्चा, असे झाले की तीच मते विष बनतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की बदल अर्ज दाखल करावा लागतो. त्यावर आपसांत हरकती सुरू झाल्या की प्रकरण धर्मादाय आयुक्त कार्यालयात वर्षानुवर्षे रेंगाळते आणि समाजाचा पैसा व शक्ती तारखांवर खर्च होते. घरातला वाद दप्तरी जाण्यापूर्वी कोणीतरी पारणे थांबवून, गौतमांप्रमाणे, परत चालत जाणे आवश्यक असते.

यासाठी काही साधे प्रघात पाडता येतील. ठरावाच्या विरोधात कोणी मत दिले तर ते त्याच्या कारणासह इतिवृत्तात नोंदवावे. पुढे त्याचे म्हणणे खरे ठरल्यास ते मान्य करण्यात कमीपणा मानू नये. अध्यक्षांनी आपले मत सर्वांचे ऐकून झाल्यावर सांगावे, म्हणजे नव्या सदस्यांची जीभ अडखळणार नाही. वर्षातून एकदा, संवत्सरीनंतरच्या पहिल्या बैठकीत, हिशेबाबरोबर आपल्या वागणुकीचाही हिशेब मांडावा आणि त्याची सुरुवात सर्वांत ज्येष्ठ पदाधिकाऱ्याने करावी. आपण घरोघरी क्षमायाचना करतो, पण ज्यांच्याशी वर्षभर वाद झाला नेमके त्यांचे घर राहून जाते, असे होऊ नये.

आमच्या कापडाच्या धंद्यात एक नियम आहे. ज्या मीटरपट्टीने आपण गिऱ्हाइकाला कापड मोजून देतो, ती पट्टी ठराविक मुदतीने वजनमापे खात्याकडून तपासून तिच्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. पट्टी झिजली असेल तर दुकानदाराची नीयत कितीही चांगली असली तरी माप खोटेच भरते. नेतृत्वाचेही तसेच आहे. इतरांना मापण्याचा अधिकार ज्याला मिळाला, त्याने आपले माप वेळोवेळी तपासून घेतले पाहिजे. आणि ते तपासण्याचे काम बहुधा तोच सहकारी करतो, जो आपल्याशी असहमत असतो.

अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्या समाजाने तरी अशा सहकाऱ्याला विरोधक न मानता हितचिंतक मानावे. ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांत आनंदासारखे निर्भय व नम्र सभासद आणि गौतमांसारखे परत चालत जाणारे पदाधिकारी आपल्याला लाभोत, हीच या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी जिनेश्वर चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.