मामाच्या जीपमधली काळी वायर

उंबरमाळी म्हणजे खर्डी आणि कसाऱ्याच्या मधलं स्टेशन. तिथे मामाची जीप होती आणि जीपमध्ये फक्त मीडियम वेव्ह लागणारा जुना रेडिओ. सकाळी खर्डीला निघताना मामा ५५८ किलोहर्ट्झवर मुंबई 'ब' लावायचा.

एका पावसाळ्यात एरियलची वायर तुटली. मी तेव्हा अकरावी सायन्सला, अंगात भलताच उत्साह. घरात टीव्ही अँटेनाची पाच मीटर कोॲक्सियल केबल पडून होती, मूळ वायरीपेक्षा दणकट. तीच जोडली. उरलेली कापवेना, म्हणून गुंडाळी करून सीटखाली सारली. रेडिओ नुसता खरखरायला लागला. "संपला बिचारा," मामा म्हणाला आणि संच भंगारात गेला.

संच संपलेला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं, या केबलचा इतिहास वाचताना.

मधे तार, भोवती इन्सुलेशन, त्यावर धातूचं वेष्टण. ही रचना ऑलिव्हर हेविसाइडने १८८० मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट केली. १९२९ मध्ये अमेरिकेत एस्पेनशीड आणि ॲफेल या टेलिफोन इंजिनिअरांनी तिच्या आधुनिक रूपाच्या पेटंटसाठी अर्ज केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याने केबलच्या प्रकारांना 'आरजी' क्रमांक दिले. दुकानात आजही तेच चालतात.

मधली तार किती जाड आणि वेष्टण तिच्यापासून किती लांब, यावर केबलचा इंपीडन्स ठरतो. आत हवा असेल तर सिग्नलची घट सर्वांत कमी होते साधारण ७७ ओहमला, आणि सर्वांत जास्त पॉवर झेपते ३० ओहमला. टीव्हीला फक्त सिग्नल घ्यायचा असतो, त्याची केबल ७५ ओहमची. वायरलेसच्या जीपला बोलायचंही असतं, तिथे मधला मार्ग म्हणून ५० ओहमची आरजी-५८.

मामाच्या रेडिओचं गणित तिसरंच होतं. ५५८ किलोहर्ट्झची लहर ५३७ मीटर लांब, आणि जीपवरची काठी मीटरभर. एवढी आखूड काठी जेमतेम दहा-पंधरा पिकोफॅरडच्या कपॅसिटरसारखी वागते. केबलसुद्धा एक कपॅसिटरच. ती जितकी लांब, तितका काठीने पकडलेला सिग्नल संचापर्यंत कमी पोचतो. म्हणून कार रेडिओच्या केबलमध्ये बारीक तार आणि भोवती बरीचशी हवा ठेवतात. ९३ ओहमच्या आरजी-६२ मध्ये मीटरला साधारण ४४ पिकोफॅरड भरतात, टीव्हीच्या केबलमध्ये ६७. मूळची वायर दीड मीटरची धरली तर झाले ६६. माझ्या पाच मीटरचे ३३५! वर संचाचं ट्यूनिंगही सरकलं असणार.

तिन्ही केबल बाहेरून सारख्याच काळ्या. तेव्हा गाडीत एरियल बसवणार असाल तर दुकानात 'चांगली वायर द्या' म्हणू नका. संच बोलणारा आहे की नुसता ऐकणारा, आणि ऐकणारा असेल तर मीडियम वेव्ह ऐकायचीय का, ते सांगा. आणि वायर लागेल तेवढीच ठेवा.

परवा मामाला हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे चांगला रेडिओ दिला आपण भंगारात."